निद्रेला माहूर

प्रति,
माननीय मूल्यमापन साहेब,
मुक्काम ठाऊक नाही, म्हणून पत्र उघडंच पाठवतो.

विषय : आपण आजवर न आल्याबद्दल आभार.

साहेब,

सर्व्हर बंद आहे. सकाळी दहाला गेलाय, आता बारा वाजत आले. दुकानाच्या ओट्यावर सात बाया बसल्या आहेत. त्यातल्या दोघी कापूस वेचायचा सोडून आल्यात, आणि बंजारा तांड्यावरची एक याडी (म्हणजे आई) ऊसतोडीवरून दोन दिवसांसाठी परत आलीय, फक्त ओटीपी सांगायला. माझं इथं माहूरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दत्तजयंतीची गर्दी नुकतीच उतरली आणि लाडक्या बहिणीच्या केवायसीची चढली. ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख सगळ्यांच्या डोक्यावर बसलीय. एरवी मला पत्र लिहायला कुठली सवड? आज सर्व्हरकृपेनं मिळाली.

आमच्या दत्तगुरूंची दिनचर्या आपल्याला ठाऊक असेलच. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. आपल्याबद्दल माझी अशीच काहीशी समजूत झाली आहे. घोषणा मुंबईला, परिसंवाद पुण्याला आणि झोप माहूरला. कारण जागेपणी आपण इथं कुणाच्या नजरेला पडलेले नाही. शिखरावर देवाच्या शेजारी जागा अपुरी पडत असेल तर सांगा, खाली गावात भक्तनिवासात खोली बघतो.

तसं आपलं घराणं मोठं. १९५२ साली सामुदायिक विकास कार्यक्रम निघाला आणि त्याचं गावात काय होतंय हे बघायला त्याच वर्षी नियोजन आयोगानं कार्यक्रम मूल्यमापन संघटना काढली. म्हणजे योजना आणि आपण जुळी भावंडं. महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पडला, वि. स. पागे यांची रोजगार हमी आली, आणि १९८० उजाडेपर्यंत अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसारखी माणसं तिचा हिशेब मांडून मोकळी झाली होती. कामावर कोण येतं, भूमिहीन की जमीनवाला, हे विचारायची तेव्हा रीत होती. नांदेडला एम. ए. करताना मी हे वाचलं. त्याआधी १९७१ साली याच दांडेकरांनी नीळकंठ रथांबरोबर बसून सांगितलं होतं की खेड्यातल्या माणसाला जगायला महिन्याला पंधरा रुपये लागतात, १९६०-६१च्या भावानं. त्या पंधरा रुपयांमागे २,२५० उष्मांकांचा हिशेब होता. त्यावरून केवढा वाद झाला! आता लाडकी बहीण योजनेत बाईला महिन्याला पंधराशे मिळतात. पंधराशेच का, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक शहाण्या माणसाला विचारून बघितलं. शेजारी मध्य प्रदेशात साडेबाराशे चालले होते, त्याच्या थोडं वर, यापलीकडे मला कुणी उष्मांक सांगितला नाही.

पैसे येतात, हे मात्र खरं. खोटं बोलणार नाही. एखाद्या कोरडवाहू घराची सगळी पासबुकं माझ्या टेबलावर पसरली की मला पत्ते मांडल्यासारखं वाटतं. सासऱ्याच्या खात्यात २०१९पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३पासून राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००. सुनेच्या खात्यात लाडकी बहीणचे महिन्याला १,५००. सासूबाई विधवा आणि निराधार असल्या तर संजय गांधी योजनेचे १,५००. केशरी कार्ड असलं तर रेशनच्या धान्याऐवजी माणशी १७०. आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याचं वावर बटईनं करतो, त्याला पहिल्या दोन पत्त्यांतलं काहीच नाही. बाईच्या नावावर जमीन असून ती शेतकरी योजनांचे पैसे घेत असेल, तर लाडकी बहीणचे पंधराशेचे पाचशे होतात. शेतकरी म्हणून मिळालेलं बहीण म्हणून वजा. हा हिशेब कुणी केला त्याला मात्र उष्मांक नक्की कळत असणार.

आपण येत नाही, पण आपले धाकटे बंधू पडताळणीराव रोज येतात. त्यांची तब्येत उत्तम आहे.

त्यांची जाग मोठी शिस्तीची. २८ जून २०२४ला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. जुलैत माझ्या दुकानासमोर रांग, आणि अटी दिवसागणिक सैल. वयाची साठ वर्षं पासष्ट झाली, पाच एकरांची अट गेली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी जुनं रेशनकार्ड चाललं. ऑगस्टमध्ये राखीच्या आत पहिले पैसे पडले. ऑक्टोबरात ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरचा हप्ता एकदम. पाच हप्ते, साडेसात हजार. २० नोव्हेंबरला मतदान. एवढ्या काळात पडताळणीराव कुठं होते म्हणाल, तर आपल्याच शेजारी घोरत होते. निकाल लागला आणि त्यांना जाग आली. मग चारचाकी सापडली, दुसऱ्या योजनेचे पैसे सापडले, दोन हजारांवर सरकारी नोकरदार बहिणी सापडल्या, चौदा हजारांवर तर चक्क भाऊ सापडले. जून २०२५पासून २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ थांबवला, असं सरकारनंच सांगितलं. निवडणुकीत कबूल केलेल्या एकवीसशेचं मात्र विचारू नको, असं आता बायाच एकमेकींना सांगतात.

मला त्या चौदा हजार भावांची कीव येत नाही. त्यांना धरा. पण पडताळणीराव फक्त एवढंच विचारतात की ही बाई खरी आहे का. पैशानं तिच्या घरात काय झालं, हे त्यांचं खातं नाही. ते खातं आपलं.

बंधूंच्या कामाची तऱ्हा ऐका, करमणूक होईल. केवायसीला बाईचा आधार लागतो, शिवाय नवऱ्याचा किंवा बापाचा, आणि ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. नवरा पुण्याला बांधकामावर, मोबाइलचं रिचार्ज संपलेलं. नवराच नसेल तर? सप्टेंबरात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. नोव्हेंबरात कुणाला तरी सुचलं की विधवांना नवरा नसतो, आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईकडे द्यायची सोय निघाली. पुढे पडद्यावर एक वाक्य येतं : माझ्या घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं. खाली होय आणि नाही. म्हणजे घरात नोकरी नसेल तर ‘होय’ दाबायचं. मी बाईला विचारतो, ‘मावशी, घरात कुणाला सरकारी नोकरी?’ ती म्हणते, ‘नाही रे बाप्पा, कुठली!’ घरी पोराच्या मोबाइलवर भरणाऱ्यानं त्याच भोळेपणानं ‘नाही’ दाबलं की झाली ती नोकरदाराच्या घरची. माहूर तालुक्यात एका बोटानं एवढी नोकरभरती आजवर झाली नव्हती.

याचा खर्च कुठल्या रकान्यात लिहितात? २०२५-२६ला रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. माहूरच्या दोन खेपा म्हणजे दोन रोज बुडाले, ६२४. ऑटोचे ऐंशी. माझे पन्नास. (घेतो, साहेब. वीजबिल मलाही येतं.) झाले ७५४. त्या महिन्याच्या पंधराशेतले निम्मे पैसे पंधराशे मिळवण्यातच गेले. सरकारदप्तरी मात्र वाटप पूर्ण.

२०२४च्या दिवाळीआधी साडेसात हजार गोळा झाले, तेव्हा मी एक वही घातली. ओळखीची बाई आली की विचारायचं, काय केलं गं पैशाचं? एकीनं शेळीची पाठ घेतली. ती पुढं व्याली, हेही नंतर सांगून गेली. एकीनं फायनान्सवाल्याचे थकलेले हप्ते भरले. एकीनं गहाण पडलेले मणी सोडवले. एकीचे पहिले दोन हप्ते बँकेनं किमान शिलकीच्या नावाखाली कापून घेतले, तिनं काय करायचं होतं ते राहूनच गेलं. एकीनं लेकीचं कॉलेज चालू ठेवलं. आणि एक नुसती हसली, बोलली काहीच नाही, कारण मागं नवरा उभा होता. वहीत तिच्या नावापुढं मी ‘हसली’ एवढंच लिहिलंय.

पण ही वही म्हणजे मूल्यमापन नव्हे, एवढी अक्कल मला नांदेडनं दिली आहे. दुकानात येते तीच बाई मला दिसते. किनवटच्या डोंगरात कोलाम आदिवासींच्या पोडावर जिचं आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं, ती माझ्याकडं कशाला येईल? गडावरून दर्शन घेऊन उतरणाऱ्यांनाच विचारलं तर पायऱ्या सोप्या आहेत असंच उत्तर मिळणार. जो अर्ध्या वाटेवर गुडघे धरून बसला, त्याला विचारायला वर चढावं लागतं, आणि ते काम पगारी माणसाचं आहे.

शिवाय दुसरी अडचण. पैसे यायला लागले त्याच सालात सोयाबीनचा भाव पडला. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. पुढच्या साली अतिवृष्टीनं शिवारं धुतली. आता एखाद्या घराची चूल आधीपेक्षा बरी पेटते की वाईट, हे मी वहीत लिहीनही. पण पंधराशे नसते तर कशी पेटली असती, हे कुठून लिहू? त्यासाठी आधी लिहून ठेवावं लागतं, आणि पैसे न पोचलेली तशीच दुसरी गावं समोर असावी लागतात. मेक्सिकोनं १९९७ साली असंच केलं. प्रोग्रेसा नावाची त्यांची योजना : पोरं शाळेत आणि दवाखान्यात न्या, पैसे आईच्या हातात. सगळीकडे एकदम द्यायला पैसा नव्हता, म्हणून ५०६ गावांमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. ३२० गावांना आधी, १८६ गावांना नंतर. मधल्या काळात दोन्हीकडची घरं मोजली. मोठ्या पोरी शाळेत टिकतात असं दिसलं, आणि पुढे सरकार बदललं तरी नव्या सरकारला ती मोडवली नाही. नाव बदलून वाढवली. आपल्याच मध्य प्रदेशात २०११ साली ‘सेवा’ संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत मोठ्या माणसाला दोनशे आणि लेकराला शंभर देऊन बघितले, बाजूची बारा गावं ताडून बघायला ठेवली. खाणं सुधारलं, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, पोरांची शाळा वाढली.

आमच्या राज्यात पैसे कोपऱ्याकोपऱ्यात काही महिन्यांतच पोचले. सव्वादोन कोटींहून जास्त खाती. ताडून बघायला एक गाव मागं ठेवलं नाही. मतदार म्हणून हे उत्तम झालं. आपली मात्र बसायची जागा गेली, आणि त्याचं आपल्याला काही वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

म्हणून इथं आपली जागा पारावरच्या मंडळींनी घेतली आहे. त्यांचे निष्कर्ष तयार असतात. निष्कर्ष पहिला : बाया पैसे उडवतात. निष्कर्ष दुसरा : लाडक्या बहिणीमुळं खुरपायला बाई मिळत नाही. दुसरा निष्कर्ष काढणारे बहुतेक दहा-वीस एकरवाले असतात आणि तो काढताना तोंडात गुटखा असतो. महिन्याला पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत घरी बसणारी बाई मला अजून भेटायचीय. तीनशेऐवजी साडेतीनशे मागणारी भेटली आहे, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथं आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतले सात प्रयोग एकत्र करून बघितले; पैसे मिळाल्यानं गरिबांनी काम सोडल्याचं काही दिसलं नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, हेही जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जगभरचे प्रयोग चाळून बघितलं, नाही वाढत. पण हे होंडुरास आणि इंडोनेशियाचं झालं. आमच्या तालुक्यातल्या सिंदखेड आणि वाई बाजारचं काय, हे पारावर कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतात, तुझं दुकानच त्यावर चालतं. तेही खरंच आहे.

आता रेशनचं सांगतो, कारण तिथं तर आपल्याला ताट वाढून ठेवलं होतं. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याला २०१५पासून माणशी पाच किलो धान्य मिळायचं. गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन. मग धान्य आटलं आणि २०२३मध्ये त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये ठरले, पुढच्या साली एकशेसत्तर. भागाकार केला तर किलोला चौतीस रुपये पडतात. माहूरच्या बाजारात तेवढ्यात गहू कधी येतो, कधी येत नाही. पण पाच किलो गहू दहा वर्षांनीही पाच किलोच भरतो. एकशेसत्तर रुपये कणगीत ठेवा नाहीतर बँकेत, झिजतातच. आणि धान्य घरात आलं की ते खाण्याचंच असतं. पैसे खात्यात आले की आधी फायनान्सवाला येतो. माझ्याकडं बाया पासबुक छापून घेऊन विचारतात, ‘हे साडेआठशे कशाचे रे?’ पाच माणसांचं रेशन आहे माय, चार महिन्यांपूर्वीचं. तिनं ते रेशन म्हणून खाल्लेलंच नसतं.

बरं, पैसे वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. झारखंडात रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ साली तांदळाऐवजी खात्यात पैसे टाकले. लोक बँकेत जाऊन ते काढायचे आणि त्याच रेशन दुकानातून तांदूळ आणायचे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सोबतची पोरं घरोघर फिरली, बहुतेक सगळ्यांनी जुनीच रीत मागितली, आणि २०१८मध्ये सरकारला तो प्रयोग गुंडाळावा लागला. उलट पुदुच्चेरी आणि चंडीगडला २०१५पासून पैसेच दिले जात होते. तिथं अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा जाऊन विचारलं तेव्हा दिसलं की पैसे वेळेवर पोचायला लागले तशी लोकांची पसंतीही पैशाकडं सरकली. बँक किती दूर, दुकानदार कसा, हप्ता कधी येतो, यावर उत्तर फिरतं. मग माहूरचं उत्तर काय? माझ्याच गल्लीत एका भिंतीला लागून दोन घरं आहेत. एक प्राधान्य कार्डवालं. त्याला २०२३पासून माणशी पाच किलो फुकट. दुसरं केशरी शेतकऱ्याचं, त्याला पैसे. आपण मधोमध खुर्ची टाकून दोन्हीकडच्या कणगीत डोकावला असता तर वर्षभरात काहीतरी कळलं असतं. दोन्ही घरं मुळात सारखी नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून तर साहेब लागतात, नाहीतर झेरॉक्सवाला पुरला असता.

लोक मात्र त्यांच्या पद्धतीनं ताडून बघतातच. आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात २०१८ साली गावंच्या गावं म्हणाली, आम्हाला तेलंगणात घाला. तिकडं तेव्हा नुकतीच रयतू बंधू सुरू झाली होती, पेरणीच्या तोंडावर एकरी चार हजार. सोयऱ्याच्या घरी लग्नाला जायचं आणि येताना त्याचं पासबुक बघून यायचं, एवढी त्यांची संशोधनपद्धती. मुंबईहून तेव्हा धावपळ झाली म्हणतात. आपण कूस बदलल्याचं मात्र ऐकिवात नाही.

इथं रेणुकामातेचा जोगवा मागतात, साहेब. परडी घेऊन पाच घरं. ती बाई पाचव्या घरातून परतताना परडीत काय पडलं ते बघते, आणि कुठल्या घरी मूठ सैल होती, कुठल्या घरी दारच उघडलं नाही, हे तिला वर्षभर लक्षात राहतं. छत्तीस हजार कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६च्या अर्थसंकल्पात होते. एवढ्या मोठ्या परडीत कुणी तरी वाकून बघावं, एवढीच माझी तक्रार होती. ती तक्रारही मी आभारातच घालून दिली आहे, कारण आपण आला असता तर पडताळणीरावांसारखा एक फॉर्म घेऊन आला असता, आणि तो भरायला या बाया पुन्हा माझ्याच ओट्यावर बसल्या असत्या.

तरी कधी यायचं झालंच तर ऊसतोडीला माणसं जायच्या आत या, दिवाळीपूर्वी. मार्गशीर्षात याल तर तांडे रिकामे सापडतील आणि आपण लिहाल की लाभार्थी आढळून आले नाहीत. माझी वही आपल्याला देतो, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. गडावर देवीचा विडा मिळतो, तांबूल. पान, सुपारी सगळं उखळात कुटून मऊ केलेलं असतं. दात नसलेल्यालाही चालतं. आपल्याला अडचण येणार नाही.

कळावे,
आपला,
एक झेरॉक्सवाला, माहूर

ता. क. सर्व्हर आला. याडीचा दुसरा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर गेलाय आणि नवरा फडात आहे, फोन उचलत नाहीये. दहा मिनिटांनी ओटीपी शिळा होतो. पुढचं नंतर लिहितो.